नवीन लेन्स घेऊ का? आधी ट्यूबलाइट बंद करून बघा

तुम्ही विचारलंय की साठेक हजारांचा कॅमेरा घेतला, तरी आईच्या पाककृतींचे व्हिडिओ घरगुतीच दिसतात, तर आता लेन्स कोणती घेऊ? तूर्त कुठलीच नको. स्वयंपाकघरातली ट्यूब बंद करा.

ट्यूबचा उजेड वरून पडतो. आईच्या डोळ्यांखाली सावली येते आणि पातेल्यात तिच्याच हाताची. त्यात खिडकीतला निळसर उजेड (५६०० केल्व्हिनच्या आसपास; केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) आणि ओट्यावरचा पिवळा बल्ब (३०००च्या जवळपास) मिसळला, की पांढरं कशाला म्हणायचं हेच कॅमेऱ्याला कळत नाही. मग भात निळा आणि वरण हिरवट. उजेड एकाच जातीचा ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं ते सांगणारी सेटिंग) ऑटोवर न सोडता स्वतः ठरवा.

खिडकी पातेल्याच्या बाजूला किंवा थोडी मागे हवी. वाफ खुलून दिसते ती मागून उजेड आला की! उलट बाजूला फ्रिजच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल उभा करा, म्हणजे काळोख्या भागात उजेड परत फिरतो. हा काही गरिबाचा जुगाड नाही. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ चित्रपटासाठी (१९५६) बनारसच्या घराचा सेट स्टुडिओत उभारला, तेव्हा छायालेखक सुब्रत मित्रांनी वर पांढरं कापड ताणून त्यावर दिवे मारले आणि परतलेल्या उजेडात अंगण खरं भासवलं.

आता शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ आत घ्यायचा ते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम आणि शटर १/६० सेकंदावर असलं तर चित्रावरून फिकट पट्टे सरकतात. माझी एक अख्खी मुलाखत अशी वाया गेली. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा स्क्रीनवर दिसलं नाही, घरी कॉम्प्युटरवर दिसलं. मेनूत एनटीएससी (६० हर्ट्झच्या विजेशी जुळणारी व्हिडिओ पद्धत) सोडून पाल (५० हर्ट्झशी जुळणारी) निवडा, २५ फ्रेम आणि १/५० ठेवा.

गच्चीवर पापड वाळत घालताना मात्र १/५० जड जातं. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ठेवला तरी अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/२२पर्यंत मिटावं लागतं (एफचा आकडा मोठा तेवढं भोक लहान). तिथे एनडी फिल्टर लावा, म्हणजे लेन्सला गॉगल.

एवढं करूनही लेन्सची हौस उरलीच, तर ३५ मिमी बघा. सगळे ५० मिमी एफ/१.८ सुचवतील. पण एपीएस-सी सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) ती ७५-८० मिमीसारखी वागते, म्हणजे सगळं जवळ ओढून दाखवते, आणि आपल्याकडच्या स्वयंपाकघरात तुमची पाठ भिंतीला टेकेल. शिवाय एफ/१.८वर मोहरी स्पष्ट आणि शेजारचा कढीपत्ता धूसर येतो. एफ/४ पुरे. आणि फोडणीच्या वेळी कॅमेरा दोन फूट मागे घ्या. लेन्सवर बसलेलं तेल ओढणीने पुसलं की आणखी पसरतं.