लुचा, पुरोरेसू आणि 'नुरा कुस्ती': परीक्षणात शब्द कुठले?

प्रश्न असा आहे: जपानची न्यू जपान प्रो-रेसलिंग आणि मेक्सिकोची सीएमएलएल या ठरलेल्या निकालाच्या कुस्तीचे कार्यक्रम करणाऱ्या कंपन्या मिळून २०११पासून जपानात 'फँटास्टिका मानिया' नावाचे कार्यक्रम करतात. अशा कार्यक्रमाचं मराठीत परीक्षण लिहायचं तर या प्रकाराला 'नुरा कुस्ती' म्हणता येईल का? आणि 'सेलिंग', 'स्पॉट', 'बॉच', 'रुदो' यांना मराठी शब्द आहेत, की सगळं जसंच्या तसं ठेवायचं?

'नुरा'पासून सुरुवात करू, कारण तो शब्द चुकला की पुढचं सगळं परीक्षण वाकडं जातं. नुरा कुस्ती म्हणजे दोघा पैलवानांनी आधीच संगनमत करून, मैदानात मात्र खरी झुंज चालल्याचा आव आणून लावलेली कुस्ती. तिच्यात प्रेक्षक फसवला जातो, आणि म्हणूनच तो शब्द राजकारणातल्या बातम्यांत इतका चपखल बसतो. लुचा लिब्रेत, म्हणजे मेक्सिकोतल्या अशा कुस्तीत, किंवा जपानी प्रो-रेसलिंगमध्ये निकाल ठरलेला असतो हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. तो तिकीट काढतो ते निकाल कसा आणतात ते पाहायला. फसवणूक नाही तिथे नुरा नाही. नाटकातल्या खुनाला कुणी खोटा खून म्हणून नावं ठेवत नाही. 'लुटुपुटूची लढाई' हाही पर्याय नको, कारण त्यात इजा होत नाही असं सुचतं. इथे गुडघे आणि माना खरोखर कामातून जातात.

मग म्हणायचं काय? 'व्यावसायिक कुस्ती' हा कोशातला शब्द आपल्याकडे घोटाळा करतो, कारण जत्रेच्या मैदानात इनामावर लढणारा पैलवानही व्यावसायिकच. 'फ्री-स्टाइल'ची गंमत आणखी वेगळी. लुचा म्हणजे झुंज, लिब्रे म्हणजे मोकळी. म्हणजे शब्दशः फ्री-स्टाइलच, आणि दारा सिंग-किंग काँगच्या काळात मुंबईत या कुस्त्यांना तेच नाव होतं. पण मराठीत आज 'फ्री-स्टाइल' म्हटलं की एक तर खाशाबा जाधवांचं १९५२चं हेलसिंकीचं कांस्यपदक आठवतं, नाही तर 'सभागृहात नगरसेवकांची फ्री-स्टाइल हाणामारी' ही बातमी. तेव्हा पहिल्या उल्लेखाला 'प्रो-रेसलिंग' किंवा त्या देशातलं नाव द्यावं आणि पुढे निर्धास्तपणे 'कुस्ती' लिहावं. 'कार्यक्रमात सात कुस्त्या झाल्या' हे 'सात मॅचेस झाल्या'पेक्षा केव्हाही आपलं.

जपानीत ही अडचण नाही. तिथे नुसतं 'रेसुरिंगु' म्हणजे ऑलिंपिकची कुस्ती आणि 'पुरोरेसू' म्हणजे प्रो-रेसलिंग, मग ते अमेरिकेतलं का असेना. जपानबाहेरचे रसिक मात्र तो शब्द फक्त जपानी शैलीसाठी वापरतात. मराठी परीक्षणात दुसरा अर्थ घ्यायला हरकत नाही, पण एकदा घेतला की तोच पाळावा.

लेखनाचं थोडं. मराठीच्या नियमाप्रमाणे अन्त्य उकार दीर्घ, म्हणून 'पुरोरेसू'. उच्चारात तो शेवटचा ऊ जवळपास गिळला जातो. 'लुचा'तला च चहातला, चाकातला नव्हे, आणि एकेरीच लिहावा. द्वित्त झालं तर अख्ख्या मेक्सिकोला लुच्चा म्हटल्यासारखं होईल. दोन स्वरांमधला स्पॅनिश डी मऊ असतो, म्हणून लुचा लढणाऱ्याला 'लुचाडोर'पेक्षा 'लुचादोर' म्हणणं मूळ उच्चाराच्या जवळ जातं. अनेकवचन मराठीच्या वळणाने करावं: एक लुचादोर, चार लुचादोर. 'लुचादोरेस' लिहून त्याला पुन्हा '-नी' जोडणं हा अनेकवचनावर अनेकवचनाचा मुलामा झाला. 'रुदो' हा 'फोटो'सारखा चालवावा. लिंग विचाराल तर 'ती लुचा लिब्रे'. स्पॅनिशमध्येही ती स्त्रीलिंगी आहे आणि आपली कुस्तीही.

आता पारिभाषिक शब्दांकडे. अंगाने जे घडतं त्याला लाल मातीतले शब्द, कथेत आणि अभिनयात जे घडतं त्याला रंगभूमीचे आणि गाण्याचे शब्द, आणि ज्या डावाचं मूळ नाव नेमकी एकच क्रिया सांगतं तिथे ते मूळ नावच, असा माझा हिशेब आहे.

मातीतले शब्द किती कामाचे आहेत ते 'यावे'वरून दिसेल. मेक्सिकोत जमिनीवरच्या पकडींना 'यावे' म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ चावी, आणि पानाही. आपला 'पेच' म्हणजे पीळ आणि स्क्रू. एका टोकाला पाना, दुसऱ्या टोकाला स्क्रू, आणि दोन्हीकडे अर्थ तोच: सांधा पिळून माणूस अडकवणे. शिवाय मराठी वाक्यात 'यावे' लिहिलं तर वाचकाला वाटेल कुणीतरी आमंत्रण दिलं. म्हणून 'पेच'. 'तिहेरास' म्हणजे कात्री, पण मराठी कुस्तीत त्याला कात्री म्हणत नाहीत, 'कैची' म्हणतात. दोन्ही पाय ओढून पाडलं तर 'दुहेरी पट काढला'. ज्याच्या-त्याच्या ठेवणीतल्या शेवटच्या डावाला 'हुकमी डाव'. 'फिनिशर' लिहायचं काहीच कारण नाही.

दोन ठिकाणी मात्र मातीचा शब्द दगा देतो. मातीत पाठ टेकली की कुस्ती तिथेच संपली. इथे खांदे टेकवून पंचाने तीन मोजावे लागतात. म्हणून नुसतं 'चीत केलं' न लिहिता 'चीत धरलं, पण दोनवर सुटला' असं लिहावं. दुसरा शब्द 'जोड'. आपल्याकडे जोड म्हणजे एकमेकांविरुद्ध लावलेले दोघे, त्यामुळे एका बाजूच्या दोघांना 'जोड' म्हटलं की अर्थ उलटा होतो. तिथे 'जोडीदार' म्हणावं.

'सेलिंग'ला, म्हणजे मार लागल्याचं अभिनयाने दाखवण्याला, 'विकणे' हा अनुवाद कधीकधी दिसतो. तो वाचून वाचक गुडघ्याचं गिऱ्हाईक शोधायला लागेल. आपल्याकडे भूमिका 'वठवतात', तशी इजाही वठवता येते: 'पहिल्या पाच मिनिटांत पिळलेला गुडघा त्याने शेवटपर्यंत वठवला.' नकार करतानाही हा शब्द उपयोगी पडतो: 'पाय वठवलाच नाही, सरळ धावत सुटला.' पडण्याच्या कसबाला जपानीत 'उकेमी' म्हणतात, तो शब्द ठेवावा. 'पड खाल्ली' लिहू नये, मराठीत त्याचा अर्थ माघार घेतली. 'आपटी खाल्ली'सुद्धा नको, तो फजितीचा शब्द आहे.

'स्पॉट'साठी तर घरातच शब्द पडून आहे: जागा. नाट्यगीतात गायक जागा घेतो, नाटकात हशा-टाळ्यांच्या जागा असतात, तशीच ही टाळी घेणारी, आधी बसवलेली हालचाल. 'कुस्ती नुसत्या जागांची झाली, मधला भाग रिकामा' हे वाक्य संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही.

'बॉच'ला, म्हणजे डाव बिघडण्याला, एकच शब्द शोधू नये. कथेतच प्रतिस्पर्ध्याने हाणून पाडला तर 'डाव फसला'. करणाऱ्याचाच हात सुटला किंवा पाय घसरला तर 'डाव हुकला'. परीक्षणात हा फरक पाळला नाही तर मुद्दाम रचलेल्या प्रसंगावर अनाडीपणाचा शिक्का बसतो. जपानी-मेक्सिकन कार्यक्रमात यात आणखी एक खोच आहे. मेक्सिकोत पेच उजव्या हातापायावर घालायची रीत आहे, जपानात आणि अमेरिकेत डाव्या. दोन्हीकडचे समोरासमोर आले की पहिल्या खडाखडीत क्षणभर अडखळल्यासारखं होतं. त्या क्षणाला 'हुकला' म्हणणं अन्यायाचं आहे.

'रुदो' आणि 'तेक्निको' यांना खलनायक-नायक करू नये. रुदो म्हणजे राकट, नियम वाकवणारा. पण प्रेक्षकांत त्याचे भक्त असतात आणि ते उघडपणे त्याच्या बाजूने ओरडतात. खलनायकाला असे भक्त क्वचितच मिळतात. पहिल्यांदा अर्थ सांगताना 'आडदांड' आणि 'कसबी' म्हणावं, पुढे मूळ शब्द. स्त्री-कुस्तीगीर असेल तर 'कसबी'चं स्त्रीलिंग करण्याच्या फंदात पडू नये, मराठीत तो शब्द भलतीकडे जातो. तिथे सरळ 'तेक्निका'.

मूळ नाव ठेवायचे डाव म्हणजे मुख्यतः रिंगबाहेर घेतलेल्या झेपा. मराठीत सगळ्याला 'उडी' म्हटलं तर काय झालं ते कळतच नाही. 'तोपे सुइसिदा' दोरांच्या मधून, डोकं-खांदा पुढे करून. 'तोपे' म्हणजे टक्कर. 'प्लांचा' वरच्या दोरावरून, छाती-पोट समोरच्यावर आडवं टाकून. प्लांचाचा एक अर्थ इस्त्री आहे, हे कळलं की नाव विसरत नाही. वरच्या दोरावरून कोलांटी घेत जाण्याला 'तोपे कोन हिरो'. हा हिरो सिनेमातला नव्हे. स्पॅनिशमध्ये गिरकीला जो शब्द आहे त्यातल्या 'ग'चा उच्चार ह-खच्या जवळ जातो. जपानीत र आणि ल वेगळे नाहीत, म्हणून पुढे बऱ्याच ठिकाणी तेच 'हिलो' असं छापलं जातं, आणि हिलो म्हणजे दोरा. परीक्षणात दोन्ही दिसले तर ते दोन डाव समजू नयेत.

जपानी नावांत याहून वाईट सापळे आहेत, कारण शब्द ओळखीचे वाटतात. जपानी समालोचक 'एरुबो' म्हणजे एल्बो म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा मार कोपराचा नसतो, मनगट ते कोपर या भागाचा असतो. जपानातला 'ब्रेनबस्टर' म्हणजे प्रतिस्पर्ध्याला उभं उलटं उचलून पाठीवर टाकणे. डोक्यावर टाकला तर ते त्याला 'उभ्या पाडीचा ब्रेनबस्टर' अशा अर्थाचं वेगळं नाव देतात. नावामागे 'होल्ड' असेल तर आपटल्यावर कमान करून चीत धरलं आहे, नसेल तर नुसतं टाकलं. 'एन्झुइगिरी' हा मानेच्या मागे बसणारा पायाचा फटका. 'एन्झुइ' म्हणजे लंबमज्जा, 'गिरी' म्हणजे छेद. 'एन्झिगुरी' हे अमेरिकन तोंडात बिघडलेलं रूप आहे, ते आपण उचलू नये. शैलींच्या नावांत 'स्ट्राँग स्टाइल' तशीच ठेवावी. पण नव्वदच्या दशकातल्या ऑल जपान या कंपनीच्या 'ओदो' शैलीला इंग्रजीतून 'किंग्ज रोड' कशाला म्हणायचं? मूळ जपानी शब्दाचा अर्थच राजमार्ग आहे.

'सेमीफायनल' हा दोन्ही देशांतला सापळा. जपानात आणि मेक्सिकोत शेवटून दुसऱ्या कुस्तीला सेमीफायनल म्हणतात. जिंकणारा पुढे कुठे जात नाही. मराठीत 'उपांत्य' म्हणजे अक्षरशः शेवटच्या आधीचा, म्हणजे शब्द अगदी बरोबर, पण क्रीडापानांनी वाचकाला बाद फेरीची सवय लावली आहे. 'शेवटून दुसरी कुस्ती' लिहावं. अखेरच्या कुस्तीला 'मेन इव्हेंट' ऐवजी मैदानातलं 'पहिल्या क्रमांकाची कुस्ती' शोभतं. तीही शेवटीच लागते.

नियमांचे शब्द थोडक्यात. मेक्सिकोची पारंपरिक कुस्ती 'तीनपैकी दोन काइदा'. काइदा म्हणजे पडणे. 'फेरी' नको, कारण फेरी वेळेने संपते. 'बाजी' बरा: पहिली बाजी, दुसरी बाजी, निर्णायक बाजी. तिघा-तिघांच्या कुस्तीत कर्णधाराला किंवा इतर दोघांना हरवलं की बाजी मिळते. एकाचे पाय रिंगबाहेर जमिनीला लागले की त्याचा जोडीदार हात न लावताही आत येऊ शकतो, त्यामुळे 'टाळी न देताच घुसला' ही तक्रार तिथे गैरलागू. मुखवटा ओढून काढला तर बाद, आणि 'मार्तिनेते', म्हणजे उलटं धरून डोकं आपटण्याचा पाइलड्रायव्हर, केला तरी बाद. जपानात हाच डाव चालतो. त्यामुळे तो लुचादोरावर पडला की परीक्षकाने एक वाक्य खर्चून त्याचं वजन सांगावं. आणि 'मुखवटा'च लिहावं. 'मास्क' म्हटलं की अजून करोना आठवतो.

नमुना म्हणून एक वाक्य. असं लिहिलेलं दिसतं: 'सेमीफायनलमध्ये मास्कवाल्या हीरोने उडी मारली, व्हिलनने एल्बो मारले, पण लेग सेल न केल्याने मॅच बॉच झाली.' तेच असं होईल: 'शेवटून दुसऱ्या कुस्तीत तेक्निकोने रुदोवर तोपे टाकली. रुदोने हाताचे कडक फटके दिले आणि उजव्या पायाला पेच घातला. डाव कुठेही हुकले नाहीत, पण तो पाय पुढे वठवलाच नाही, म्हणून शेवटची कैची उपरी वाटली.'

माणसांची आणि गटांची नावं भाषांतरित करू नयेत, अर्थ एकदा सांगावा. जपानी कुस्तीगीर तेत्सुया नाइतो २०१५ साली मेक्सिकोतल्या 'लॉस इन्गोबेर्नाब्लेस' गटात जाऊन आला आणि परत येऊन त्याने त्या नावाची जपानी शाखा काढली. मराठीत त्या नावाचा अर्थ 'अनावर'.