सोलापुरात कामावरची दुखापत ठरावीक समाजांच्याच वाट्याला का येते, आणि लागलं तर काय करायचं?

तुम्ही विचारलंय, कामावर लागण्याचा जातीशी, भाषेशी संबंध असतो का. असतो. कोणतं काम कुणाच्या वाट्याला येतं, तिथूनच तो सुरू होतो. इथे यंत्रमागावर बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली या विणकर समाजातली घरं, त्याच घरांतल्या बायका विडी वळायला, आणि गटारात उतरायला दलित वस्त्यांतली माणसं. विडी वळून मान-पाठ धरली तर तिला दुखापत म्हणतच नाहीत.

मागाचं बघा. आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा लाकडी, पण टोकाला लोखंड. ताण्याचे म्हणजे उभे धागे तुटून गुंतले किंवा धोट्याला बसणारा मार चुकला की तो उडतो आणि शेजारच्या मागावरच्याच्या डोळ्याला लागतो. अडवायला गार्ड असतो, पण तुटलेला धागा जोडताना तो आड येतो म्हणून काढून ठेवतात. मजुरी मालावर, म्हणजे माग थांबला की पैसेही थांबले. याला कामगाराचा निष्काळजीपणा म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं.

लागलंच तर त्याच दिवशी अपघात नोंदवहीत नाव, वेळ, माग नंबर लिहून घ्या. डॉक्टरांना ‘कामावर लागलं’ असंच सांगा आणि केसपेपरवर तेच उतरलंय ना, ते बघा. मालकाच्या सांगण्यावरून ‘घरी पडलो’ लिहिलं, तर पुढे दावा उभा करणं फार अवघड जातं. माग दुरुस्त व्हायच्या आत त्याचा फोटो काढा. पगाराची चिठ्ठी जपा, दोन साक्षीदारांचे नंबर घ्या. जबाब मराठीत लिहिला असेल तर तेलुगूत वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही.

१० किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतं. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. कामावरच्या दुखापतीला किती हप्ते भरले ही अट नाही, आणि रजेच्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात. गोम इथेच आहे: एकच शेड कागदावर दोन-तीन नावांनी दाखवून आकडा दहाच्या खाली ठेवतात. तसं असेल तर सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

गटारात मृत्यू झाला तर ३० लाख, कायमचं अपंगत्व आलं तर २० लाख भरपाई, असा सर्वोच्च न्यायालयाचा २० ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे. माणूस ठेकेदाराचा होता म्हणून ती टळत नाही. आत कुणी बेशुद्ध पडला तर त्याला काढायला दुसऱ्याला उतरू देऊ नका. तिथला गॅस नाकच बधिर करतो, त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं नाही. आधी १०१ ला फोन करा.