टाचेवर बसलेली नात

'माझी नात सहा वर्षांची आहे. सुट्टीत ती माझ्याकडे असते. तिला शहर दाखवावं म्हणून मी एका दिवसात चार-पाच ठिकाणांचा बेत आखते: संग्रहालय, किल्ला, तारांगण, बाग. निघताना उड्या मारते, पण बारा वाजले की किरकिर सुरू. संग्रहालयात तर एक टाच अंगाखाली घेऊन फरशीवरच बसते, उठवलं तरी उठत नाही. मुलगा म्हणतो, एवढी वणवण कशाला. पाण्याचं म्हणाल तर वाटेत थांबायला नको म्हणून मी निघाल्यापासून घोटही घेत नाही, आणि नातही आता शहाणी झालीय, घरी येईपर्यंत कळ काढते. तिचा रस टिकेल अशी ठिकाणं सुचवाल का?'

आजी, ठिकाणांचं नंतर. आधी ती टाच.

लघवी दाबून धरायची वेळ आली की लहान मुली नेमक्या अशाच बसतात. टाचेचा खालून दाब दिला की गळणं थांबतं. पायात पाय अडकवून उभं राहणं, जागच्या जागी नाचणं, एकाएकी चिडणं याही त्याच खुणा. तुम्हाला हट्ट दिसला, तिला मात्र उठलं तर कपड्यातच होईल अशी भीती असणार. तुम्ही तिला दंडाला धरून उठवत होता.

सहा वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण 200 ते 250 मिलिलिटर मावतं, म्हणजे एक पेलाभर. सकाळी निघालेल्या मुलीला दुपारपर्यंत किमान एकदा तरी जावंच लागणार. रोज असं दाबून ठेवलं तर जंतुसंसर्गाला वाव मिळतो, आणि अशा मुलांना पुष्कळदा बद्धकोष्ठही असतो. जळजळ, ताप, थेंबथेंब होणं यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. याला कृपा करून शहाणपण म्हणू नका.

आणि हे शहाणपण ती शिकली कुणाकडून? तुम्ही घोट घेत नाही हे ती पाहते. वय वाढलं की तहानेची जाणीव बोथट होते, त्यामुळे तहान लागली नाही म्हणजे शरीराला पाणी नको असं नसतं. उन्हात तासन्‌तास कोरडं राहिलं की उभं राहताना चक्कर येते. किल्ल्याच्या पायऱ्यांवर चक्कर आली, तर तुमच्या हातात एका सहा वर्षांच्या मुलीचा हात असेल. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल तर बाहेरच्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, मनाने टाळू नका.

तेव्हा बेत उलटा आखा. नकाशावर आधी स्वच्छतागृहं, मग प्रेक्षणीय स्थळं. दिवसाला एकच ठिकाण, आणि त्याच्या जवळ धावायला एखादी मोकळी जागा. आदल्या दिवशी तिथे फोन करून विचारा: उद्या उघडं आहे ना, स्वच्छतागृह तिकिटाच्या दाराच्या आत आहे की बाहेर, आणि बाहेर असेल तर त्याच तिकिटावर परत आत घेतात का. पोचल्यावर रांगेत उभं राहण्याआधी तिकडे जाऊन या. त्यानंतर दर दीड-दोन तासांनी, घड्याळ पाहून. 'लागलीय का?' असं विचारू नका. खेळात रमलेलं मूल 'नाही'च म्हणतं. 'चल, आपण दोघी जाऊन येऊ' म्हणा आणि चालू लागा.

पाणी दोघींनीही दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट प्यायचं. दुपारपर्यंत कोरडं राहून मग एकदम बाटली रिकामी केली, तर तीच धांदल परतीच्या गाडीत होते.

आत गेल्यावरही घाई नको. उंच कमोडवर मुलीचे पाय लोंबकळतात, मग स्नायू सैल होत नाहीत आणि ती अर्धवट करून उठते. अर्ध्या तासात पुन्हा लागते आणि आपण तिलाच रागावतो. तिचे पाय टेकतील असा काहीतरी आधार द्या, थोडं पुढे वाकून बसू द्या, झाल्यावर दहापर्यंत मोजायला सांगा. हात वाळवायच्या यंत्राच्या आवाजाला बरीच मुलं घाबरतात. तिलाही भीती वाटत असेल तर हात रुमालाला पुसा. कपडे इलॅस्टिकचे घाला, मागे बटणं असलेला एकसंध पोशाख नको. पिशवीत एक चड्डी, एक पायजमा, ओले कपडे ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी आणि साबण असू द्या. तुम्हाला जायचं असेल तेव्हा तिला बाहेर उभी करू नका. आत घ्या, दाराकडे तोंड करून कडी धरायला सांगा. हे काम मुलांना फार महत्त्वाचं वाटतं.

मुलाला म्हणावं, वणवण थांबली, फिरणं थांबणार नाही.

ठिकाण कुठलं, हे विचारलंत. तुमच्या यादीतलं कुठलंही, जिथे स्वच्छतागृह दाराच्या आत आहे ते. पुढच्या खेपेला घरातून निघताना तिच्या देखत अर्धा पेला पाणी प्या, आणि तिथे पोचल्यावर 'मला लागलीय' असं तुम्हीच आधी म्हणा.