विकलेल्या गाडीची चलानं भरायची की नाही?

स्कूटर विकून दोन वर्षं झाली, घेणारा फोन उचलत नाही आणि विनाहेल्मेट, ट्रिपल सीटची चलानं तुमच्या मोबाइलवर येताहेत, ही तुमची पोस्ट वाचली. वडिलांच्या स्कूटरपायी आम्ही हेच भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही, तेव्हा कोर्टाचं समन्स आलं असेल तर आधी वकील गाठा.

दंड ५०० की १,००० यावर तुमच्या पोस्टखाली बरीच चर्चा झालीय. दोन्ही बरोबर आहेत. हेल्मेटसाठी केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात १,००० आहेत, पण तडजोड रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता जी भरून प्रकरण मिटतं ती, राज्य ठरवतं आणि महाराष्ट्रात ती ५०० आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे वाढीव दंड आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाले, म्हणून नेटवर दुसऱ्या राज्याचे तक्ते पाहून घाबरू नका. तुमचं खरं दुखणं रकमेचं नाहीच. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव, तो मालक. स्टॅम्प पेपर, पैसे मिळाल्याची पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, यांपैकी कशानेही हे बदलत नाही.

आमचं सगळ्यात जास्त रक्त आटवलं ते एका कार्यालयाने. नाव घेत नाही. एका खिडकीवर सांगितलं, आधी चलानं भरा, मग ट्रान्सफरचं बघू. चलानाच्या तक्रारीला गेलो तर, गाडी तुमच्याच नावावर आहे, आधी ती उतरवून आणा. परत पहिल्या खिडकीवर, तर ट्रान्सफरचा अर्ज घेणाऱ्यानेच करायचा, तुम्ही कशाला आलात? घेणारा सापडत असता तर आलो असतो का, एवढंच वडील म्हणाले. त्यावर साहेब जेवायला गेले. सगळं तोंडी, कागदावर नकार द्यायला कुणीच तयार नाही.

म्हणून माझं ठाम मत, तोंडी बोलूच नका. विक्रीची तारीख, घेणाऱ्याचं नाव-पत्ता, व्यवहाराचे पुरावे लावून लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्ट. सोबत फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याची आरटीओला खबर. खरं तर तो विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यायचा असतो (घेणारा परराज्यातला असेल तर ४५), फॉर्म ३०, म्हणजे गाडी नावावर करायचा अर्ज, घेणाऱ्याने ३० दिवसांत. मुदत गेली असली तरी द्या, कारण तुम्ही कळवलंत याची नोंद राहते. फॉर्म २९ दिला म्हणजे नाव उतरलं असं मात्र नाही. पोलीस ठाण्यातही अर्ज द्या. त्या आधारे काही आरटीओ गाडी ब्लॅकलिस्टला टाकतात, म्हणजे तिची कामं अडवतात, काही ठिकाणी हात वर करतात.

चलानं निमूट भरू नका, असं मी म्हणेन. भरलं की तडजोड झाली, विषय संपला. आधी ई-चलानच्या सरकारी पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका. आणि चलानावरचा फोटो, जागा, वेळ नीट बघा. आमची बहुतेक चलानं एकाच चौकातली, सकाळच्या कॉलेजच्या वेळेची होती. भाऊ तिथे जाऊन उभा राहिला आणि स्कूटर सापडली! चालवणारा पोरगा तिसरा मालक निघाला, नाव उतरवायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याच्या वडिलांनी दंडही भरला आणि गाडी नावावरही केली. सगळ्यांचं नशीब असं नसतं, आणि अशा वेळी भांडण काढू नका.

एवढं मागे लागायचं कारण ५०० रुपये नाहीत. उद्या त्या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईचा दावा आरसीवरच्या नावावर येतो. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल बघा. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात गेली, तरी जबाबदार धरला नोंदीवरचा मूळ मालक. विमा चालू नसेल तर ही भरपाई खिशातून जाते, त्यामुळे विम्याची मुदत संपलीय का, हे आजच तपासा.

आणि हो, "तुमचं चलान" म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली तर उघडू नका, खातं रिकामं होतं. चलान बघायचं ते सरकारी पोर्टलवर, गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकून. चॅसिस नंबर आरसीवर असतो. आरसी घेणाऱ्याला देऊन बसला असाल तर जुन्या विमा पॉलिसीवर सापडेल.