पोर्ट करण्याआधी रेंज कशी बघायची (रावेरच्या भाऊंच्या प्रश्नावर)

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. रावेर तालुक्यात घर, केळीची बाग गावापासून तीन किलोमीटर आत. खाजगी कंपनीचा रिचार्ज परवडेना म्हणून घरचा मुख्य नंबर तोच ठेवून बीएसएनएलला न्यायचा, म्हणजे पोर्ट करायचा विचार. कंपनीच्या नकाशावर गाव हिरवं, दुकानदार म्हणतो "फुल रेंज", भाच्याने दुपारी बसस्टँडवर स्पीड टेस्ट केली तर १८ एमबीपीएस, आणि शेजारी सांगतो की रात्री नेट हलतच नाही. यातलं खरं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय. चौघांचंही खरं असू शकतं, कारण चौघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

आधीच सांगतो, मी कुठल्याच कंपनीचा माणूस नाही. खालचे आकडे फोरजीचे आहेत, फोनगणिक दोन-चार डीबीएम (सिग्नलचा जोर मोजायचं एकक) मागेपुढे होतात. प्लॅनचे दर सारखे बदलतात, ते तुम्हीच बघून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती चूक एकच: मुख्य नंबर आधी पोर्ट करायचा आणि रेंज मग बघायची. ही चूक लोक आपल्या मनाने करत नाहीत, त्यांच्याकडून करवून घेतली जाते. आमच्याकडच्या एका ग्राहक सेवा केंद्रात (कुठल्या कंपनीचं ते विचारू नका) ठरलेलं उत्तर मिळतं. पिनकोड टाकायचा, स्क्रीन आपल्याकडे न वळवताच "कव्हरेज आहे" म्हणायचं, आणि वर "करून तर बघा, नाही जमलं तर परत जा". एका पिनकोडात कितीतरी गावं असतात, एकात टॉवर असला तरी स्क्रीनवर "आहे" येतं. आणि ते "परत जा" तर अर्धवटच सांगतात. एकदा पोर्ट झालं की पुढचे ९० दिवस दुसरीकडे पोर्ट करता येत नाही. विनंती टाकल्यापासून २४ तासांत १९०० वर एसएमएस करून ती रद्द करता येते, पण तोवर नवीन सिम चालूच झालेलं नसतं, मग कळणार कसं? जुन्या सिममधला शिल्लक बॅलन्स आणि उरलेली व्हॅलिडिटी जाते ती वेगळीच. सिम बदललं की यूपीआय ॲप परत नोंदणी मागतं, त्यासाठी नव्या सिममधून एसएमएस जावा लागतो, आणि स्वस्तातल्या काही पॅकमध्ये एसएमएसच नसतात. पिककर्जाचा, गॅसचा, आधारचा ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याच नंबरवर हा प्रयोग करायला सांगणाऱ्याला काय म्हणावं? "९० दिवसांचं लेखी द्या" म्हटलं की साहेब जेवायला गेलेले असतात.

म्हणून मुख्य नंबर आहे तिथेच ठेवा. बीएसएनएलचं नवीन नंबराचं सिम घ्या, दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका, सगळ्यात लहान डेटा पॅक मारा आणि पंधरा दिवस डेटा त्याच सिमवर ठेवा. पटलं नाही तर तेवढ्याच पैशाचं नुकसान. पटलं तर पोर्टचा एसएमएस १९०० वर टाका. उत्तरात येणारा यूपीसी (पोर्टसाठी नव्या कंपनीला द्यायचा कोड) आपल्याकडे चार दिवस चालतो, आणि सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग, साधारण राज्याएवढा) तोच असल्याने काम साधारण तीन कामाच्या दिवसांत होतं.

सिम घेण्याआधी फोनमध्ये बँड २८ (लहरींचा एक पट्टा) आहे का तेवढं बघा. बीएसएनएलचं फोरजी मुख्यतः ७०० मेगाहर्ट्झ (बँड २८) आणि २१०० मेगाहर्ट्झ (बँड १) यांवर आहे. ७०० ची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते, २१०० ची लवकर दमते. बरेच जुने आणि काही स्वस्त फोन बँड २८ घेतच नाहीत. एकाच घरात एकाच्या फोनवर रेंज आणि दुसऱ्याचा फोन कोरडा, असं दिसलं तर आधी हेच तपासा. एपीएन (फोनमधली मोबाइल नेटची सेटिंग) बीएसएनएलनेट हवा, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. जुन्या प्रतिक्रियांवर जाऊ नका. देशी बनावटीच्या फोरजीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं, त्याआधी कोणी लिहिलेलं "थ्रीजीच येतं" आज तुमच्या गावाला लागू असेलच असं नाही.

आता मोजणी. काड्या बघू नका, किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो. नेटमॉन्स्टर किंवा तसलं ॲप टाका. अँड्रॉइडवर *#*#४६३६#*#* डायल करूनही आकडे दिसतात, सॅमसंगमध्ये *#००११#. बघायचे दोनच आकडे: आरएसआरपी आणि एसआयएनआर.

आरएसआरपी म्हणजे सिग्नलचा जोर, तो उणे आकड्यात येतो. उणे ८५ पर्यंत उत्तम, उणे ९५ चांगला, उणे १०५ ला काम भागतं, उणे ११५ च्या खाली कॉलही तुटतो. दहाचा फरक म्हणजे जोर दसपट कमी. ओट्यावर उणे ९० आणि मधल्या खोलीत उणे ११० असेल तर आत शंभरावा हिस्साच पोचतोय. धाब्याच्या जुन्या घराच्या जाड मातीच्या भिंती असोत की पत्र्याच्या घराचं छप्पर, दोन्ही मारक. म्हणून पोरगं जिथे बसून अभ्यास करतं तिथे मोजा. बसस्टँडवरच्या १८ ने घरातलं काही कळत नाही.

एसआयएनआर म्हणजे कामाचा सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण. १३ च्या वर असला तर छान, शून्याच्या आसपास आला की नेट रडतं. आरएसआरपी उणे ८५ आणि एसआयएनआर उणे २ असं दिसलं, की समजा फोन दोन टॉवरच्या मध्ये सापडलाय. काड्या पूर्ण, आणि व्हिडिओ गोल गोल फिरतोय. खिडकी बदलून बघा, कधीकधी घराच्या दुसऱ्या बाजूला हाच आकडा एकदम सुधारतो.

बागेतलं मोजमाप वेगळं करा. केळीचं पान रुंद आणि पाण्याने भरलेलं, बाग पूर्ण वाढली की आतली रेंज बांधावरच्या रेंजपेक्षा बरीच पडते. २१०० वर हा फटका जास्त बसतो, ७०० वर कमी. लागवड नवीन असताना घेतलेला आकडा घड निसवल्यावर धरून चालू नका. पावसानंतर ओल्या पानांत एकदा परत बघा. ॲपमध्ये टीए नावाचा आकडा दिसत असेल (सगळे फोन दाखवत नाहीत) तर त्याला ७८ ने गुणा, टॉवर साधारण किती मीटरवर आहे ते कळतं. टीए २० म्हणजे दीड किलोमीटरच्या आसपास. घरी आणि बागेत टॉवर एकच लागतोय की वेगळा, हेही सेल आयडीवरून (टॉवरच्या ओळख क्रमांकावरून) दिसतं.

शेजारी जे रात्रीचं सांगतो ते खोटं नाही. दुपारी टॉवरवर माणसं कमी, रात्री आठ ते अकरा सगळं गाव मोबाइलवर. त्या वेळेत आणि सकाळी अशा दोनदा टेस्ट घ्या, आणि आधी रोजचा कोटा शिल्लक आहे का ते बघा. कोटा संपला की बीएसएनएलच्या बहुतेक पॅकमध्ये वेग ४० केबीपीएसवर येतो, मग शिव्या टॉवरला बसतात. टेस्टचा सर्व्हर आपोआप निवडला तर बऱ्याचदा कंपनीचा स्वतःचाच लागतो आणि आकडा फुगतो. दुसऱ्या कंपनीचा मुंबईचा सर्व्हर हाताने निवडा. २० एमबीपीएसवर पंधरा सेकंदांची एक टेस्ट डाउनलोडमध्येच ३५-४० एमबी खाते, तेव्हा उगाच दहा-दहा वेळा करत बसू नका.

आकडे वाचायचे असे. सिग्नल आणि एसआयएनआर चांगले, सकाळी वेग बरा आणि रात्रीच पडतो, तर ती गर्दी. दोन्ही चांगले असूनही दिवसभर वेग रखडलेलाच, तर टॉवरपर्यंत येणारी लाइनच बारीक आहे किंवा रस्त्याच्या कामात फायबर तुटलीय. अशाला तुम्ही फोन बदला, सिम बदला, काही होत नाही. माझं मत विचाराल तर रात्री नऊला सलग ३ एमबीपीएस आणि पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) ८० मिलिसेकंदांच्या आत मिळत असेल तर घ्या. यूट्यूब ७२० ला अडीच एमबीपीएस पुरतात. दुपारचे ४० एमबीपीएस काय लोणच्याला घालायचे? ऑनलाइन क्लास असेल तर अपलोड किमान दीड हवा, लोक तेवढंच बघायचं विसरतात.

बहुतेक जण आणखी एक गोष्ट बघत नाहीत: लाईट. लोडशेडिंगला लाईट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो, बॅटरी जुनी असली तर तासाभरात रेंज गायब. लाईट गेली की घड्याळ लावा, रेंज किती वेळ टिकते ते बघा. ज्या गावात टॉवर लाईटीबरोबरच झोपतो तिथे कितीही स्वस्त प्लॅन असला तरी मी एकमेव सिम म्हणून तो घेणार नाही.

तुम्ही बऱ्हाणपूरच्या बाजूला असाल तर डेटा रोमिंग चालू ठेवा. त्या पट्ट्यात फोन मध्य प्रदेश सर्कलचा टॉवर पकडतो, आणि रोमिंग बंद असेल तर कॉल लागतात पण नेट थांबतं. नवापूरकडे गुजरातच्या टॉवरने हेच होतं. देशात रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत, घाबरू नका. कॉल चालू असताना नेट बंद पडत असेल तर व्होएलटीई (फोरजीवरूनच कॉल) चालू नाही, फोन कॉलसाठी टूजीवर उतरतोय. आणि *#*#४६३६#*#* मधून "फक्त एलटीई" (म्हणजे फक्त फोरजी) करून ठेवलं असेल तर काम झाल्यावर परत ऑटोवर टाका, नाहीतर व्होएलटीई नसताना कॉलच यायचे नाहीत.

नकाशाबद्दल थोडंच. ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात, ते सुरुवातीला बघायला ठीक आहेत. पण तो हिरवा रंग बाहेरच्या रेंजचा आहे. घराच्या आतलं आणि रात्रीच्या गर्दीचं त्यात काही नसतं. तरंग संचार पोर्टलवर आसपासचे टॉवर दिसतात, तेही बघा. तक्रार करायची वेळ आली तर कंपनीकडून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. "निकाली काढली" असा मेसेज येऊन काहीच झालं नसेल तर तोच डॉकेट नंबर देऊन ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय एकेकट्याची तक्रार घेत नाही, तिकडे अर्ज लिहिण्यात वेळ घालवू नका.

जाता जाता, पाण्याच्या मोटारीच्या मोबाइल स्टार्टरचं (सिम टाकून फोनवरून मोटार चालू-बंद करायची पेटी). पोस्टमध्ये तुम्ही लिहिलं नाही, पण केळीला मोटार आहे म्हणजे स्टार्टर असणारच. बहुतेक जुने स्टार्टर टूजीवर चालतात, त्यात जिओचं सिम चालत नाही कारण त्यांच्याकडे टूजीच नाही. घरचा नंबर हलवताना स्टार्टरचं सिमही हलवायची घाई नको, तिथे टूजीची रेंज आधी बघा. ती रेंजही स्टार्टरची पेटी बंद करून बघा, लोखंडी पेटीत सिग्नल मरतो. चुंबकाचा अँटेना पेटीच्या बाहेर, वरच्या बाजूला लावा.

फोनचं मॉडेल, आणि मधल्या खोलीतले व बागेतले आरएसआरपी-एसआयएनआर इथे टाका. रात्री नऊनंतरचे टाका, दुपारचे नकोत. मॉडेल कळलं की बँड २८ आहे का ते मी बघून सांगतो.