फ्युजन रिॲक्टरच्या आतल्या भिंतीवरचा धातूचा लेप १५ कोटी डिग्रीत टिकतो कसा?

आधी तो १५ कोटीचा आकडा डोक्यातून काढा. तेवढा गरम प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू, चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरलेला असतो, तो भिंतीला टेकला तर स्वतःच विझेल. खरा त्रास काठावरून जे निसटतं त्याचा. फ्रान्समध्ये बांधत असलेल्या इटर या फ्युजन रिॲक्टरमध्ये खाली डायव्हर्टर म्हणून भाग आहे, तिथे दर चौरस मीटरला १० मेगावॅट उष्णता झेलायची, म्हणजे हजार वॅटची आख्खी इस्त्री करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, सतत!

म्हणून टंगस्टन, बल्बातल्या तारेचं. वितळतं ३४०० डिग्रीच्या वर, पण जड, ठिसूळ, कापायला महाकठीण, म्हणून बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या कशावर तरी त्याचा लेप देतात. इंग्लंडच्या जेट या प्रायोगिक फ्युजन रिॲक्टरमध्ये आधी उघड्या कार्बनच्या टाइल्स होत्या, कार्बन ट्रिटियम (फ्युजनचं किरणोत्सारी इंधन) धरून बसायचा, मग २०११ ला नवी भिंत आली तेव्हा डायव्हर्टरच्या बऱ्याचशा टाइल्सना टंगस्टनचा लेप दिला, केसापेक्षाही पातळ.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत थर्मल स्प्रेचं, म्हणजे तापवलेल्या धातूचा फवारा मारून लेप द्यायचं काम करते. शाफ्ट, पंपाच्या स्लीव्ह, असलं. फ्युजनशी थेट संबंध नाही, पण लेप खराब होताना रोज बघते आणि तो वितळत वगैरे नाही हो, सुटतो. एकदा ब्लास्टिंग झालेल्या (कणांचा मारा करून खरखरीत केलेल्या) स्लीव्हला कोणीतरी हातमोजे न घालता हात लावला, दिसायला काहीच नाही, कोट पण मस्त बसला, आणि ग्राइंडिंगला घेतलं तर नेमका बोटांच्या जागी पापुद्रा उचलला. इतवारीत आजीच्या पितळी पातेल्यांना कल्हई करायचे ते आधी एवढं घासून, तापवून नवसागर फिरवायचे ते ह्याचसाठी.

त्यात तापल्यावर प्रत्येक धातू वेगळा फुगतो. तांबं टंगस्टनच्या जवळपास चौपट, स्टेनलेस स्टीलचंही साधारण तेच. गरम-थंड, गरम-थंड होत राहिलं की जोड ताणला जातो, म्हणून जेटमध्ये कार्बन आणि टंगस्टनच्या मध्ये मॉलिब्डेनम या धातूचा थर दिला होता. आणि लेप उडून प्लाझ्मात गेला तर टंगस्टनचे थोडेसे अणूही प्लाझ्माची ऊर्जा किरणांवाटे बाहेर घालवतात.

मला सगळ्यात आवडलेलं काम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचं आहे, त्यांनी स्टेनलेस स्टीलवर टँटलम या धातूचा कोल्ड स्प्रे केला, म्हणजे पावडर न वितळवता प्रचंड वेगाने मारायची, कण आपटून पोह्यासारखे चपटे होतात आणि चिकटतात. पातळ पत्र्याला वितळलेल्या धातूची धग लागत नाही, आणि भिंत झिजली तर भाग न बदलता त्याच जागी परत कोट मारता येईल असं त्यांचं म्हणणं आहे.