शाळेत फ्लूची साथ आली आहे. शाळा बंद ठेवावी, वर्गात फवारणी करावी की आणखी काही?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: पाचवी ते दहावीची शाळा, साडेपाचशे मुलं, अकरा ते पाच वेळ. ऑगस्टच्या एका आठवड्यात सातवी 'ब'ची अकरा मुलं ताप-खोकल्याने घरी, त्यातल्या दोघांचा रिपोर्ट एच३एन२ (फ्लूच्या विषाणूचा एक प्रकार). पालकांच्या ग्रुपवर 'शाळा बंद करा'चा धोशा आणि एका सदस्याचा फवारणीचा आग्रह.

थेट सांगतो. आज शाळा बंद करू नका आणि फवारणीवर एक रुपयाही घालवू नका. धुरळणी डासांसाठी असते, फ्लूच्या विषाणूला तिने काही होत नाही. हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) हवेत फवारलं तर दम्याची मुलं दुसऱ्या दिवशी जास्त खोकतील, एवढाच परिणाम. साथ ओसरते ती आजारी मूल घरी राहिल्याने आणि वर्गात हवा खेळती राहिल्याने. बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

सुरुवात हजेरीपटापासून करा. आपल्याकडे मूल गैरहजर अशी नोंद होते, का गैरहजर याची होत नाही. पुढचे तीन आठवडे गैरहजेरीच्या खुणेशेजारी पेन्सिलीने एक अक्षर लिहायला सांगा: 'ता' म्हणजे ताप-खोकला, 'पो' म्हणजे पोटाचं, 'इ' म्हणजे इतर. वर्गशिक्षकांनी दुसऱ्या तासापर्यंत पालकांना फोन करून कारण विचारायचं आणि वर्गवार 'ता'चा आकडा ऑफिसातल्या फळ्यावर यायला हवा. एका वर्गात तीन दिवसांत तीन 'ता' झाले की त्या वर्गाकडे लक्ष, हा माझा ढोबळ नियम. आकडे आले की ती मुलं एकत्र कुठे असतात तेही पाहा. पुष्कळदा धागा वर्गाचा नसतोच. एकाच व्हॅनमधली, एकाच ट्यूशनची किंवा कबड्डीच्या संघातली मुलं निघतात. तसं असेल तर वर्गात कितीही साबण ठेवा, आजार व्हॅनमधून येत राहणार.

अकरा मुलं आजारी आहेत म्हणजे आरोग्य यंत्रणेला कळवायची वेळ आली आहे. गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला, शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाला. पहिलं मूल कोणत्या तारखेला आजारी पडलं, कोणत्या वर्गात किती, कोणी दवाखान्यात दाखल आहे का, एवढं कागदावर द्या. सगळ्यांची तपासणी मागू नका. सरकारी वर्गवारीत साधा ताप-खोकला 'अ' गटात येतो. त्यात चाचणीही नाही आणि ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषधही नाही, फक्त घरी विश्रांती. जास्त ताप आणि तीव्र घसादुखी असलेली, तसंच दमा-मधुमेहासारखा आजार असलेली जोखमीची मुलं 'ब' गटात. त्यांना औषध लागेल का ते डॉक्टर ठरवतात. 'क' गट म्हणजे धाप, छातीत दुखणं, ग्लानी, निळसर नखं: लगेच दवाखाना.

आता मुख्य अडचण. सकाळी दहाला पॅरासिटामॉल पाजून पाठवलेलं मूल अकराच्या परिपाठाला टवटवीत उभं असतं. औषधाचा असर चार ते सहा तास. म्हणजे मधल्या सुट्टीनंतर कधीतरी ते बाकावर डोकं टेकवतं, कान लाल, हात गरम. तोवर तिघांच्या बाकावर खेटून त्याचे तीन-चार तास झालेले असतात. फ्लूचं मूल ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासून विषाणू सोडायला लागतं आणि मोठ्यांपेक्षा जास्त दिवस सोडतं, आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक. आदला दिवस आपल्या हातात नाही. औषध पाजून पाठवणं मात्र थांबवता येतं.

पालक असं का करतात, तेही पाहिलं पाहिजे. आई-बाबा दोघं कामावर, रजा टाकली तर रोजंदारी बुडते. घटक चाचणी चालू असते. वर शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्रक! हे बक्षीस या वर्षी चक्क रद्द करा. साथीच्या काळात आपण आजारी मुलाला शाळेत यायला बक्षीस देतो, यापरता विनोद नाही. चाचणी बुडाली तर पुन्हा घेतली जाईल, हे लेखी कळवा. डॉक्टरांचा दाखला मागू नका, पालकांची चिठ्ठी पुरे. दाखल्यापायी बरं झालेलं मूल पुन्हा ओपीडीच्या गर्दीत बसतं. ग्रुपवर टाकायला मजकूर असा:

"ताप असलेल्या मुलाला शाळेत पाठवू नये. तापाचं औषध न देता सलग २४ तास ताप नसेल तरच पाठवावे. नुसता खोकला उरला असेल तर पाठवायला हरकत नाही. बुडालेली चाचणी पुन्हा घेतली जाईल, हजेरीचा तोटा होणार नाही. दम लागणे, गुंगी, ओठ निळसर दिसणे, लघवी फार कमी होणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८."

यातलं 'औषध न देता' ठळक करा, सगळी मेख तिथेच आहे. आणि खोकल्याचं वाक्य गाळू नका. फ्लूनंतरचा खोकला दोन आठवडेही रेंगाळतो. तेवढ्यासाठी मूल घरी ठेवलं तर पालक पुढच्या वेळी तुमचं कुठलंच ऐकणार नाहीत. परतलेल्या मुलाने दोन-तीन दिवस मास्क लावला तर बरं. पावसाने भिजलेला मास्क काढून टाकायचा, म्हणून दप्तरात एक जादा हवा. आजारी मुलाकडे घरी बहुधा आजी-आजोबाच बघतात आणि फ्लू त्यांनाच जास्त जड जातो. मुलाला वेगळं, खिडकीजवळ झोपवा, हेही पालकांना सांगा.

शाळेत ताप चढलेल्या मुलासाठी जागा ठरवून ठेवा. व्हरांड्यातला बाक उत्तम. एसीची संगणक खोली नको, शिक्षक-खोलीही नको. ताप मोजायला कपाळासमोर धरायच्या बंदुकीपेक्षा साधा डिजिटल थर्मामीटर बरा: काखेत, बीप होईपर्यंत, मग स्पिरिटने पुसून ठेवायचा. पावसात भिजून आलेल्या मुलाचं कपाळ गार असतं आणि बंदूक कमी आकडा दाखवते. १०० फॅरनहाइट किंवा जास्त भरला की मास्क, पाणी, पालकांना फोन. एकटं घरी पाठवायचं नाही, भरलेल्या व्हॅनमध्येही नाही. शाळेने स्वतःहून औषध देऊ नये, ॲस्पिरिन तर अजिबात नको: फ्लूच्या मुलांना त्याने राय सिंड्रोम होऊ शकतो, त्यात मेंदू आणि यकृताला इजा होते.

जोखमीच्या मुलांची यादी आजच काढा: दमा, हृदयविकार, टाइप १ मधुमेह, स्टिरॉइड चालू असलेली, विदर्भात किंवा नंदुरबारकडे असाल तर सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) मुलं. त्यांच्या पालकांना वेगळा फोन करा की ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. एखाद्या शिक्षिका गरोदर असतील तर त्याही या यादीत.

हवेचं गणित पावसाळ्यात बिघडतं. झड आत येते म्हणून सगळ्या खिडक्या लावतात आणि पंखे फुल. बंद खोलीत पंखा तीच हवा घुसळतो, बाहेरची आत आणत नाही. झडीच्या बाजूच्या खिडक्या लावा. उलट बाजूच्या, दार आणि वरचे झरोके उघडे ठेवा. मधल्या सुट्टीत वर्ग पूर्ण रिकामा करून दहा मिनिटं सगळं उघडं टाका. कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र कोणाकडून मिळालं तर आकडा १००० पीपीएमच्या खाली राहील असं बघा. नसेल तर तिसऱ्या तासाला बाहेरून वर्गात शिरा. कोंदट वास आला तर हवा पुरेशी बदलत नाही. परिपाठ हॉलमध्ये कोंबून घेऊ नका, वर्गावर्गात स्पीकरवरून होऊ द्या. व्हॅनवाल्या काकांनाही सांगा: प्लॅस्टिकचे पडदे दोन्ही बाजूंनी चार बोटं उघडे, आणि तापाचं मूल गाडीत घ्यायचं नाही.

हात धुण्याचा नुसता फलक लावून काही होत नाही, आधी नळ मोजा. समजा, सहा नळ आहेत. नीट हात धुवायला, जाण्या-येण्यासकट, प्रत्येकी अर्धा मिनिट धरा. म्हणजे मिनिटाला १२ मुलं. साडेपाचशेंना जवळपास ४६ मिनिटं लागतात आणि सुट्टी अर्ध्या तासाची! म्हणून पाचवी-सहावीला दहा मिनिटं आधी सोडा. साबणाची वडी कावळे पळवतात किंवा ती चिखलात पडते. जुन्या नायलॉनच्या मोज्यात घालून नळाला बांधा, टिकते. पिंपातून सगळ्यांनी एकच पेला उष्टा करणं बंद, प्रत्येकाची बाटली. खिचडी शिजवणाऱ्या किंवा वाढणाऱ्या ताईंना ताप असेल तर त्यांना सुट्टी द्या, आणि तीही मानधन न कापता, नाहीतर त्या येतीलच. सॅनिटायझर शेंबडाने भरलेल्या हातांवर नीट काम करत नाही, तिथे साबणच.

पुसायचं म्हणाल तर कड्या, नळ, जिन्याचा कठडा दिवसातून दोनदा. फ्लूचा विषाणू स्टील-प्लॅस्टिकवर एक ते दोन दिवस टिकू शकतो, पण फरशीवर ओतलेल्या बादल्यांनी काही साधत नाही. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट २० मिली, एक लिटर पाण्यात. रोज ताजं, कारण ते उन्हात आणि ठेवून कमजोर होतं. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा, नाहीतर लोखंडी कड्या गंजतात. संडास धुवायच्या ॲसिडमध्ये मिसळलं तर क्लोरिन वायू सुटतो. शिपाईकाकांना हे स्वतः समजावून सांगा.

एक गफलत या मोसमात हमखास होते. ताप आहे पण सर्दी-खोकला नाही, डोळ्यांमागे दुखतंय, अंगावर पुरळ आहे, तर डेंग्यूचा संशय घ्या. असं मूल 'ता'मध्ये मोजू नका, डॉक्टरांकडे पाठवा, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका, आणि शाळेच्या गच्चीवरचं साचलेलं पाणी बघा. गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधून येणारी मुलंही दिसतील. त्याने फ्लू टळत नाही. लहान मुलाने कापूर तोंडात टाकला तर झटके येऊ शकतात. समजावून काढायला लावा.

शाळा बंद करण्याबद्दल. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्या-मुंबईतल्या शाळा बंद झाल्या, त्याची आठवण पालकांना असणार. तेव्हा विषाणू नवा होता, बहुतेकांत प्रतिकारशक्ती नव्हती. एच३एन२ दरवर्षी थोडाफार असतोच. आज शाळा बंद केली तरी ट्यूशन, मैदान, गणपतीची तयारी चालूच राहणार. शिकवायला शिक्षकच उरले नाहीत किंवा आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितलं तर बंद करा, पण 'स्वच्छतेसाठी एक दिवस' नको. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला एक ते चार दिवस जातात. त्याहून कमी दिवसांची सुट्टी म्हणजे नुसती सुट्टी. वसतिगृहाचा हिशोब मात्र वेगळा. २००९ मध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेतही स्वाइन फ्लूची साथ आली होती. अशा ठिकाणी मुलांना गावोगाव पाठवण्यापेक्षा वेगळी खोली, खाटांमध्ये किमान तीन फूट आणि एकाचं डोकं तर शेजारच्याचे पाय, असं झोपवणं सोयीचं.

लस साथ आल्यावर घेतली तरी असर यायला दोन आठवडे लागतात. पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्येच घ्या, आधी शिक्षक आणि जोखमीची मुलं. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच द्यायची असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. सरकारच्या नेहमीच्या मोफत लसीकरणात ती नाही, म्हणून पालकसभेत खर्चाचं आधीच बोला.

आज केलेल्या बदलाचा परिणाम फळ्यावर दिसायला चार-पाच दिवस लागतील. तिसऱ्या दिवशी आकडा वाढला म्हणून घाबरू नका. सलग आठ दिवस 'ता' नेहमीइतकेच राहिले की साथ संपली असं धरा. पेन्सिलीच्या खुणा मात्र खोडू नका, कारण जानेवारी ते मार्चमध्ये फ्लू पुन्हा डोकं वर काढतो आणि तेव्हा नेहमीचा आकडा किती, हे त्यावरूनच कळेल.